स्टेअरिंगचा फील सुधारायचा, तर सस्पेन्शनला हात कोणत्या क्रमाने लावायचा

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ या पट्ट्यात व्हर्टस जीटी, स्लाविया १.५, आय-२० एन लाइन अशा गाड्या आता सर्रास दिसतात. जुन्या पोलो जीटी तर जपून ठेवलेल्या आहेतच. या गाड्यांच्या मालकांची तक्रार ठरलेली: इंजिन झकास, पण स्टेअरिंगमधून हाताला काही कळत नाही. आणि उपायही ठरलेला: लोअरिंग स्प्रिंग. गाडी खाली बसते, फोटोत छान दिसते, कंबरेला धक्के बसतात आणि स्टेअरिंग होतं तितकंच मुकं राहतं. कधी कधी आणखी बिघडतं.

यात स्प्रिंगचा दोष फार नसतो, क्रम उलटा झालेला असतो. जे काम सगळ्यात शेवटी करायचं, ते पहिलं केलं जातं. खाली क्रमाने सगळं लिहिलं आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा) अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत, कारण वर नावं घेतलेल्या सगळ्या त्याच जातीच्या. ऑक्टाव्हिया आरएससारखं मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगवेगळे अनेक दांडे) असेल तर मागच्या बाजूला काम वाढतं, पण क्रम तोच.

## आधी एवढं समजून घ्या

स्टेअरिंग जड असणं आणि स्टेअरिंगमधून रस्ता कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगमध्ये जडपणा किती ठेवायचा ते मोटर आणि तिचं सॉफ्टवेअर ठरवतं. स्पोर्ट मोड लावला की मोटर मदत कमी करते, बस्स. टायरकडून येणारी माहिती त्यामुळे वाढत नाही.

ती माहिती येते कशी? वळणात टायरची पकड चाकाला पुन्हा सरळ करू पाहते. हा जोर टाय रॉडमधून (चाक वळवणारा दांडा) रॅकला (दोन्ही टाय रॉड डावी-उजवीकडे सरकवणारा भाग) आणि तिथून कॉलममधून (स्टेअरिंगचा खांब) हाताला पोचतो. पकड संपत आली की हा जोर आधी उतरतो, आणि सरावलेल्या हाताला ते कळतं. वाटेत दोन चोर बसलेले असतात. एक, जिथे तिथे दबणारं रबर: टायरची साइडवॉल (बाजूची भिंत), लोअर आर्मचे (चाक खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे जोडातले रबरी तुकडे, आणि स्ट्रटचं वरचं माउंटिंग. दुसरा, घर्षण: अडकणारं माउंटिंग बेअरिंग, गंजलेला कॉलम जॉइंट, घट्ट झालेला बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा). आपल्याकडे खाऱ्या हवेमुळे दुसरा चोर जास्त माजतो, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

म्हणून क्रम असा: टायर, मग ढिलेपणा आणि घर्षण, मग बुश, मग शॉकअप-स्प्रिंग, मग अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा), आणि शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं).

## तयारी

हंगाम निवडा. हे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढा. गणपतीच्या दिवसांत रस्त्यांची अवस्था, गाडीतली माणसं-सामान आणि गॅरेजवरची गर्दी, तिन्ही कळसाला असतात. त्या काळात नवीन बसवलेलं सस्पेन्शन नीट तपासताच येत नाही.

बोल्ट आधी मागवा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत लोअर आर्मचे आणि हबचे (चाक ज्यावर बसतं तो भाग) अनेक बोल्ट टॉर्क अधिक कोन या पद्धतीने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळून वर ठरलेल्या कोनात फिरवून, ताणून बसवलेले असतात. एकदा काढले की ते पुन्हा वापरायचे नाहीत. मेस्त्री म्हणेल, "जुना चांगलाच आहे की." ऐकू नका. बुशसोबतच नव्या बोल्ट-नटचा संच ऑर्डर करा, कारण इथे ऐनवेळी मिळत नाही आणि गाडी दोन-तीन दिवस रॅम्पवर अडकते.

आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा: टाय रॉडचे लॉकनट, लिंक रॉडचे (अँटी-रोल बारला जोडणारा छोटा दांडा) नट, स्ट्रटचे खालचे बोल्ट, सबफ्रेमचे (लोअर आर्म धरणारी चौकट) बोल्ट. समुद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत उभ्या राहणाऱ्या गाडीचा टाय रॉडचा लॉकनट पहिल्या पान्याला सुटला तर नशीब समजा. जोर लावून फिरवला की रॅक एंड (टाय रॉडचा रॅककडचा सांधा) वाकतो आणि खर्च तिथून सुरू होतो.

मोजमापं लिहून ठेवा. सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. बुश घट्ट करताना आणि स्प्रिंग बदलल्यावर हाच आकडा लागतो. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग किती तिरकं राहतं याचा फोटोही काढून ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदींशी आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. कंपनीच्याच मापाचा चांगला भाग बसवणं आणि गाडी जमिनीला टेकवणं यात फरक आहे. विमा कंपनीला लेखी कळवा, वॉरंटी चालू असेल तर आधी विचारा, काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नका.

शेवटची तयारी म्हणजे चाचणीचा रस्ता ठरवणं. पाच-सहा किलोमीटरचा, ओळखीचा, कमी वर्दळीचा तुकडा निवडा. त्यात एक सरळ भाग, एक लांब एकसारखं वळण, थोडा ठिगळांचा भाग आणि एक गतिरोधक असावा. कुंभार्ली किंवा आंबा घाट यासाठी घेऊ नका. तिथे ट्रकच्या मागे दर वेळी वेग वेगळा मिळतो, शिवाय घाटात उत्साहाच्या भरात कुठलीही गाडी चांगलीच वाटते. चाचणी ४० ते ८० च्या वेगात करायची. फील ८० च्या आत कळला नाही तर १२० ला कळणार नाही, फक्त भीती कळेल.

तपासा: प्रत्येक टप्प्यानंतर याच रस्त्यावर, तेवढ्याच हवेवर, तेवढ्याच माणसांसह फेरी मारायची आणि चार ओळी लिहायच्या. एका वेळी एकच बदल. एकाच शनिवारी बुश, स्प्रिंग आणि बार सगळं बसवलं तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, कधीच कळणार नाही.

## १. टायर आणि हवा

हवा सकाळी, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने मोजा. दोन पंपांचे गेज क्वचितच जुळतात. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेल्या आकड्यापासून सुरुवात करा. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो, म्हणून दुपारी तापलेल्या टायरची हवा "जास्त झाली" म्हणून कमी करायची नाही. पुढच्या दोन टायरांत २ पीएसआयचा फरक असला तरी गाडी ओढते, आणि लोक अलाइनमेंटवाल्याला दोष देतात.

वय बघा. साइडवॉलवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षं उन्हात काढलेलं रबर कडक होतं, आणि ओल्या जांभा-मातीच्या रस्त्यावर ते काही सांगायच्या आधीच घसरतं.

साइज बदलायचा मोह आवरा. २०५/५५ आर१६ ची साइडवॉल साधारण ११३ मिमी असते, २०५/५० आर१७ ची १०२-१०३ मिमी. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो आणि स्टेअरिंग थोडं तरतरीत होतं हे खरं. पण महामार्गाच्या सर्व्हिस रोडवरून आणि गावातल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याने १६ वरच राहून चांगला टायर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रिम एकदा वाकला की फील वगैरे सगळं बाजूला राहतं.

सावध: चाकं बाहेर काढण्यासाठी स्पेसर (चाक आणि हब यांमधली चकती) लावू नका. ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं मिलिमीटरमधलं अंतर) ४५ वरून ३५ झाला की चाक १० मिमी बाहेर जातं, चाकाचा मध्य वळण्याच्या अक्षापासून सरकतो, आणि मग स्टेअरिंग रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे धावतं. त्यालाच लोक "फील आला" म्हणतात.

## २. ढिलेपणा आणि घर्षण शोधा

इथे पैसे कमी आणि फायदा जास्त, तरी हाच टप्पा सगळे गाळतात.

गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. चाक डावी-उजवीकडून धरून हलवा: खडखड आली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. वर-खालून धरून हलवा: बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. नेमकं कुठलं, ते दुसऱ्या माणसाने जोडावर बोट ठेवून सांगायचं. डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं. मग पहारीने लोअर आर्म पुढे-मागे रेटून बुश बघा. मागच्या मोठ्या बुशच्या रबराला चिरा दिसल्या किंवा रबर धातूपासून सुटलेलं दिसलं, तर तुमच्या गाडीला अपग्रेडची नाही, दुरुस्तीची गरज आहे.

आता घर्षण. गाडी जमिनीवर, इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने पुढच्या स्प्रिंगवर हलकेच हात ठेवायचा. स्प्रिंग सहज फिरायला हवी. ती अडून राहून "टण्" करून सुटत असेल तर वरचं माउंटिंग बेअरिंग संपलं. हे बेअरिंग आपल्याकडे फार लवकर जातं: पावसाळाभर त्यात पाणी, नंतर लाल धूळ, वरून खारं वारं.

पॅडलजवळ खाली कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट असतो. तो गंजून कडक झाला की वळणानंतर स्टेअरिंग आपणहून मधे येत नाही, थोडं तिरकं अडकून राहतं. असं दिसलं की बरेच जण थेट रॅक बदलायला सांगतात. आधी जॉइंट तपासा.

रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट फाटलेले नाहीत ना, हेही याच वेळी बघून घ्या. फाटक्या बुटातून एक पावसाळा पाणी गेलं तर रॅकचा दांडा गंजतो, आणि त्याला मग उपाय नाही.

तपासा: ६० च्या वेगात सरळ रस्त्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना बोटभर हलवा. मधे मेलेला भाग असेल तर ढिलेपणा अजून आहे. हलवताना चिकटल्यासारखं वाटून मग एकदम सुटत असेल तर घर्षण आहे. दोन्ही गेल्याशिवाय पुढे जायचं नाही.

## ३. अलाइनमेंटचा पहिला कागद

काहीही बदलण्याआधी एकदा अलाइनमेंट फक्त मोजून घ्या आणि छापील कागद ठेवा. ‘सेट करू नका, फक्त दाखवा’ असं आधीच सांगायचं. या कागदावर कॅम्बर (चाक समोरून बघता किती आत-बाहेर झुकलंय), कॅस्टर (वळण्याचा अक्ष बाजूने बघता किती तिरका), टो (चाकं वरून बघता आत की बाहेर वळलेली) आणि मागच्या बीमचा थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला किती तिरकं ढकलतात) असायला हवा. नुसता पुढचा टो दाखवणाऱ्या ठिकाणी पैसे घालवू नका. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा मोठा फरक दिसला तर आर्म वाकलेला किंवा सबफ्रेम सरकलेली असू शकते. खड्ड्यांचा प्रसाद बहुतेक तिथेच दिसतो.

## ४. लोअर आर्मचे बुश

फीलसाठी एकच काम करायचं असेल, तर हे करा.

पुढच्या आर्मला दोन बुश असतात. पुढचा लहान बुश मुख्यतः आडवा जोर घेतो. मागचा मोठा बुश ब्रेक मारताना आणि खड्ड्यात चाक मागे सरकू देतो. आराम मिळावा म्हणून कंपनी त्यात मुद्दाम पोकळ्या ठेवते. याच पोकळ्यांमुळे ब्रेक मारत वळणात शिरताना कॅस्टर आणि टो हलतो, आणि हाताला उशिरा, धूसर असं काहीतरी कळतं. मागचा बुश भरीव किंवा जास्त कडक रबराचा घातला की हा धूसरपणा सगळ्यात जास्त कमी होतो.

पॉलियुरेथेन की कडक रबर? किनाऱ्यावर रोज चालणाऱ्या गाडीसाठी माझं मत कडक रबराच्या बाजूने. पॉली बुश आतल्या नळीवर घसरत फिरतो, त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि ग्रीस धुऊन गेलं की लाल मातीत तो कुरकुरतो. शिवाय काही आर्म एकाच वेळी दोन दिशांनी हलतात, तिथे चुकीच्या जागी घातलेला पॉली बुश अडखळतो. म्हणजे रबर काढून घर्षण आणलं, एक चोर घालवून दुसरा बसवला. वर्षातून एकदा खोलून ग्रीस करायची तयारी असेल तरच पॉली घ्या. खनिज तेलाचं साधं ग्रीस मात्र रबराला लावायचं नाही.

बसवण्याचा क्रम:

१. जुना बुश काढण्याआधी त्याची दिशा खुणेने आर्मवर उतरवा. पोकळ्या असलेल्या बुशला बाण किंवा खूण असते. तो फिरवून बसवला की सगळं गणित उलटं.

२. बुश प्रेसने दाबायचा, हातोड्याने नाही. दाबताना आर्मच्या कडेला आधार हवा, नाहीतर पत्र्याचा आर्म वाकतो.

३. घराची आतली बाजू गंज काढून स्वच्छ करा. इथे आळस केला की नवा बुश तिरका बसतो.

४. आर्म गाडीवर लावा, बोल्ट हाताने आणि थोडे पान्याने, पण शेवटचा टॉर्क नाही.

५. आता गाडीचं वजन चाकांवर आणा: चार खांबांच्या रॅम्पवर, किंवा आर्मखाली जॅक लावून, तयारीत मोजलेलं चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं अंतर येईपर्यंत उचला. मग टॉर्क आणि कोन.

पाचवी पायरी सोडणं ही या सगळ्या प्रकारातली सगळ्यात मोठी चूक. रबरी बुश आतल्या नळीला चिकटलेला असतो. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर त्याच अवस्थेत रबर पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. गाडी थोडी उंच उभी राहते, लहान खड्ड्यात आदळते, आणि बुश काही महिन्यांत फाटतो. मग "कडक बुश आपल्या रस्त्यांना चालत नाहीत" अशी ख्याती होते. दोन खांबांच्या लिफ्टवर काम करणाऱ्या बहुतेक गॅरेजमध्ये ही पायरी गाळली जाते, कारण गाडी हवेत असताना पाना फिरवणं सोपं असतं. तिथे उभं राहून बघा. मेस्त्रीला राग आला तरी चालेल.

सावध: मागच्या टॉर्शन बीमचे बुश फाटलेले नसतील तर त्यांना हात लावू नका. वळणात बीम किती आणि कसा सरकावा हे कंपनीने त्यांच्या कोनात आणि रबरात बसवलेलं असतं. तिथे कडक काहीतरी ठोकलं तर मागची बाजू अनपेक्षित वागते.

तपासा: बोल्ट आणि आर्म यांवरून एकच पांढरी रेघ ओढा. १०० किलोमीटरनंतर रेघ तुटलेली नाही ना ते बघायचं. कोनाने ताणलेला बोल्ट "थोडा अजून" म्हणून पुन्हा आवळायचा नसतो. रेघ सरकली असेल तर बोल्ट नवा.

बुशनंतर टो बदललेला असतोच, म्हणून तात्पुरती अलाइनमेंट करून चाचणीच्या रस्त्यावर जा. मग आठ-पंधरा दिवस गाडी चालवा. अनेकांचं समाधान इथेच होतं आणि पुढचे पैसे वाचतात.

## ५. शॉकअप, स्प्रिंग आणि वरचं माउंटिंग

तिन्ही एकाच वेळी, कारण खोलण्याची मजुरी एकच. शॉकअप बदलताना माउंटिंग आणि बेअरिंग जुनंच घालणं म्हणजे थोडक्यासाठी सगळं काम वाया घालवणं.

फीलमध्ये शॉकअपचा वाटा स्प्रिंगपेक्षा मोठा. स्टेअरिंग वळवल्यावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर किती लवकर आणि किती शांतपणे जातं, हे शॉकअप ठरवतं. म्हणून कंपनीच्याच उंचीचा चांगला शॉकअप आणि मूळ स्प्रिंग हा माझ्या मते पहिला पर्याय. स्प्रिंग बदलायचीच असेल तर उंची १५-२० मिमीपेक्षा जास्त कमी करू नका, आणि शॉकअप त्या स्प्रिंगला जुळणारा हवा.

जास्त खाली नेल्यावर काय होतं? मॅकफर्सनमध्ये लोअर आर्मचं चाकाकडचं टोक गाडीकडच्या टोकापेक्षा वर गेलं की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो) झपाट्याने खाली जातो, आणि गाडी कडक स्प्रिंग असूनही वळणात झुकू पाहते. टाय रॉडचा कोन आर्मशी जुळेनासा होतो, त्यामुळे खड्ड्यात चाक दबताना टो बदलतो आणि गाडी आपणहून वळते. त्यात शॉकअपचा प्रवास कमी. पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या भरल्या की सस्पेन्शन बंप स्टॉपवरच (प्रवास संपल्यावर लागणारा रबरी अडथळा) बसतं, आणि वळणात बंप स्टॉप लागला की त्या बाजूची पकड एकदम सुटते.

दुसरी, अगदी इथली अडचण: फेरीबोट. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, कुठेही जा; ओहोटीला बोटीची फळी आणि जेटीचा उतार यांच्यात जो कोन पडतो, त्यात खाली केलेल्या गाडीचा बंपर किंवा पोट टेकतं. तुम्ही बोटीने जात असाल तर मूळ उंचीवरच, ओहोटीच्या वेळी, किती जागा उरते ते एकदा उतरून बघा. २० मिमी वजा करा. उत्तर मिळेल.

काम करताना:

१. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून आधी सोडवा. नकल (हब धरणारा भाग) मोकळा झाला की तो तारेने वर बांधून ठेवा. लोंबू दिला तर नळीवर ताण येतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जोड निसटू शकतो.

२. स्प्रिंग दाबण्यासाठी चांगला कॉम्प्रेसर वापरा. दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. दोरी, साखळी, जुगाड अजिबात नाही.

३. नवा ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला) शॉकअप बसवण्याआधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडा. आडवा पडून आत शिरलेली हवा निघते.

४. दांड्याचा वरचा नट हवेच्या गनने आवळू नका. दांडा गरगर फिरतो आणि सील जातं. दांडा ॲलन कीने धरून टॉर्क पान्याने.

५. स्प्रिंगचं टोक खालच्या सीटच्या खाचेत नीट टेकलं पाहिजे. खालच्या सीटवर गंज साचलेला असेल तर घासून, गंजरोधक रंग देऊन, वाळवूनच पुढे जा.

६. स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियमच्या नकलमध्ये जात असेल तर खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना धरतात. बोल्टच्या दांड्याला अँटी-सीझचा पातळ थर द्या, आट्यांना मात्र कंपनीने सांगितलं असेल तरच. आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

डॅम्पिंग (शॉकअपचा कडकपणा) बदलता येणारे शॉकअप घेतले असतील तर सगळ्यात मऊ बाजूने सुरुवात करून दोन-दोन क्लिक वाढवा. ठिगळांच्या रस्त्यावर चाक उडायला लागलं की दोन क्लिक मागे. कडक करत जाण्याची हौस बहुतेकांना भोवते: उडालेलं चाक हाताला काहीच सांगत नाही.

## ६. अँटी-रोल बार

हा टप्पा ऐच्छिक. लिंक रॉड खडखडत असतील तर बदला, तेवढंच पुरे होऊ शकतं. पुढे ओढणाऱ्या गाडीत बार वाढवायचाच असेल तर आधी मागचा. पुढचा वाढवला तर सुरुवातीला स्टेअरिंग चटपटीत वाटतं, पण कडक वळणात गाडी बाहेर ढकलते. मागचा फार कडक झाला तर जुलैत आंबोलीच्या ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर एकदम सोडताच मागची बाजू पुढे यायला बघते. म्हणून एकच पायरी वाढवा.

लिंक रॉड शेवटचे आवळताना दोन्ही चाकांवर वजन हवं. बोल्ट भोकात बोटाने सरकायला हवा. पहारीने ओढून बसवावा लागत असेल तर बार आधीच पिळलेला आहे.

बॉनेटखालच्या स्ट्रट बारबद्दल (दोन्ही स्ट्रटची वरची टोकं जोडणारा दांडा) विचारणारे बरेच असतात. या गाड्यांच्या बॉडी मुळातच पुरेशा ताठ आहेत. ते पैसे टायरला.

## ७. शेवटची अलाइनमेंट

नवीन स्प्रिंग बसायला थोडे दिवस द्या, साधारण २००-३०० किलोमीटर. मग जा, आणि जाताना डिकीतलं फालतू सामान काढा, टाकी अर्धी ठेवा, हवा मोजून घ्या. नेहमी एकटेच चालवत असाल तर ड्रायव्हरच्या सीटवर तेवढं वजन ठेवून मोजून घेणं चांगलं. तांदळाची पोती चालतात.

मशीनवरचा क्रम:

१. चाकांवर सेन्सर लावल्यावर गाडी पुढे-मागे ढकलून रनआउट (सेन्सर किंवा रिम किंचित तिरका असल्याने येणारी चूक) काढला पाहिजे. वाकलेला रिम नसला तरी ही पायरी गाळू देऊ नका.

२. पुढची चाकं फिरत्या चकत्यांवर, गाडी पुढून-मागून दाबून मोकळी करायची.

३. आधी मागची बाजू वाचायची. टॉर्शन बीम असल्याने तिथे फारसं बदलता येत नाही, पण थ्रस्ट अँगल किती आहे ते कळलं पाहिजे, कारण पुढचा टो त्याला धरूनच लावायचा.

४. मग पुढचा कॅम्बर आणि कॅस्टर. काही गाड्यांत वेगळी सोय नसते. सबफ्रेम सैल करून आडवी सरकवली की एका बाजूचं दुसरीकडे जातं आणि दोन्ही बाजू सारख्या करता येतात. जास्त कॅम्बर हवा तर कॅम्बर बोल्ट किंवा वरच्या प्लेट. रस्त्यावरच्या गाडीला उणे १ ते उणे १.५ अंश भरपूर झाला. डाव्या-उजव्यात ०.३ अंशाच्या आत फरक ठेवा.

५. टो सगळ्यात शेवटी. कॅम्बर बदलला की टो बदलतो, म्हणून आधी टो लावून मग कॅम्बरला हात लावणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

टो किती? कंपनीच्या मर्यादेत राहून शून्याच्या जवळ, किंचित आत. १६ इंची रिमवर १० मिनिटं (अंशाचा सहावा भाग) म्हणजे साधारण १.२ मिमी, इतक्या बारीक गोष्टीने मधल्या भागाचा स्वभाव बदलतो. टो बाहेर ठेवला तर वळणात शिरताना गाडी उत्सुक वाटते, पण सरळ महामार्गावर सतत दुरुस्ती करत बसावी लागते आणि टायर आतल्या कडेने झिजतो.

टाय रॉड फिरवण्याआधी रॅकच्या बुटाची क्लिप सैल करायला सांगा. नाहीतर बूट पिळला जातो, फाटतो आणि पहिल्याच पावसात पाणी आत. स्टेअरिंग सरळ लॉक करून दोन्ही बाजू जुळवल्या पाहिजेत. एकाच बाजूचा रॉड फिरवून टो जुळवला की आकडे हिरवे येतात आणि स्टेअरिंग तिरकं राहतं. असा कागद स्वीकारू नका.

तपासा: आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद एकत्र ठेवा. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळले का ते विचारा. पोलोला १२० न्यूटन-मीटर लागतात. हवेच्या गनने किती लागले ते कोणालाच माहीत नसतं, आणि जास्त आवळल्याने डिस्क वाकडी चालून ब्रेकमध्ये थरथर येते.

## ८. सेन्सर आणि चाचणी

अलाइनमेंटनंतर स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनरने पुन्हा लावून घ्या. तो चुकलेला असेल तर ईएसपीला (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) गाडी सरळ जाताना वळते आहे असं वाटतं, आणि पॉवर स्टेअरिंग मधे आणताना भलतीकडे हलकी मदत करतं. एवढं सगळं करून "अजून ओढतेच आहे" म्हणणाऱ्या काही गाड्यांचं कारण इथे असतं. लेन ओळखणारा कॅमेरा किंवा आपोआप खाली-वर होणारे हेडलाइट असतील आणि उंची बदलली असेल, तर त्यांचंही कॅलिब्रेशन तपासून घ्या.

मग चाचणीचा रस्ता. क्रमाने बघा: सरळ जाताना हात हलका ठेवला तर गाडी सरळ राहते का, लहान वळवणीला जोर हळूहळू वाढतो का, वळणानंतर स्टेअरिंग स्वतः मधे येतं का, वळणात ठिगळ लागलं तर हाताला कळतं पण दिशा बदलत नाही ना, सरळ ब्रेक मारताना ओढ नाही ना. ओल्या रस्त्यावर हेच पुन्हा, वेग कमी ठेवून.

## नंतरची निगा

पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळकं ऑइल मारायची इथे जुनी पद्धत आहे. पत्रा कदाचित वाचतो, पण नवे बुश आणि बूट त्या तेलाने फुगतात आणि मऊ पडतात. मेणाचं गंजरोधक कोटिंग करून घ्या, आणि फवारणीआधी बुश, बूट, ब्रेक झाकायला सांगा.

गाडी पुळणीवर नेऊ नका. नेलीच तर त्याच दिवशी पोट गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर गनची धार बुटांवर आणि माउंटिंगवर जवळून मारायची नाही. बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोप्या जागेवर आहेत का ते दर सर्व्हिसला बघा, कारण एक टोपी हरवली की बेअरिंगमध्ये सरळ पाणी. ऑक्टोबरात पांढऱ्या रेघा पुन्हा तपासा आणि टाय रॉडच्या लॉकनटवर थोडा गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, म्हणजे पुढच्या अलाइनमेंटला पाना लावल्यावर तो सुटेल.